डिजिटल केबलनेही आवाज बारीक येतोय? फेडर वर करण्याआधी फरक मोजा

रेकॉर्डरचा मीटर उणे ६ ला लागतोय, मध्ये साधी ऑप्टिकल केबल आहे, आणि कॉम्प्युटरवर तोच आवाज उणे १२ ला येतोय. केबल बदलली, सॉकेट पुसलं, दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली, तरी फरक तेवढाच. मग आपण काय करतो, तर सॉफ्टवेअरमध्ये ६ डेसिबल वाढवतो आणि कामाला लागतो. महिन्याभराने दुसरं यंत्र जोडलं की फरक वेगळा, पुन्हा अंदाजाने फेडर (लेव्हल वरखाली करणारी सरकपट्टी) वर. मी हे बरीच वर्षं केलं. तेव्हाची काही रेकॉर्डिंग आज ऐकली की शांत जागी जी चरचर ऐकू येते, ती त्या फेडरचीच कमाई आहे.

या दुखण्यावर मला एकच इलाज लागू पडला: फरक किती डेसिबलचा आहे तो दशांशापर्यंत मोजायचा. दोष कुठे दडलाय हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगून टाकतो.

केबलवरचा संशय मात्र आधी काढून टाका. डिजिटल केबलमधून आकडे जातात. को-अ‍ॅक्स एस/पीडीआयएफवर (घरगुती यंत्रांची डिजिटल जोडणी) जेमतेम अर्धा व्होल्ट असतो, स्टुडिओत वापरतात त्या एईएसच्या एक्सएलआर जोडणीवर २ ते ७ व्होल्ट असतात, पण तो विजेचा फरक झाला; आवाजाच्या लेव्हलशी त्याचा काडीचाही संबंध नाही. केबल खराब असली तर आवाज तुटतो, टिकटिकतो, मध्येच गप्प होतो. सगळं रेकॉर्डिंग नीटनेटकं ६ डेसिबलने खाली बसवणं तिला जमत नाही. लेव्हल एकसारखी बदलली असेल तर वाटेत कुणीतरी त्या आकड्यांना गुणलंय, नाहीतर ते चुकीच्या खणात ठेवलेत.

मोजायची रीत

९९७ हर्ट्झचा साइन टोन बनवा. २४ बिट, डाव्या चॅनलवर उणे २० डीबीएफएस (डिजिटलमध्ये मावणारी सगळ्यात मोठी लेव्हल, म्हणजे फुल स्केल, ० धरून तिच्याखाली मोजलेले डेसिबल), उजव्यावर उणे ३०, लांबी अर्धा मिनिट, आणि मागे दहा सेकंद निखळ डिजिटल शांतता. ९९७ का, तर ती मूळ संख्या आहे. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची नोंदलेली मूल्यं) असताना, १००० हर्ट्झचा टोन घेतला तर तीच ४८ सॅम्पल मूल्यं पुन्हा पुन्हा येत राहतात. ९९७ ची लाट तशी लवकर परतून येत नाही, त्यामुळे कितीतरी जास्त वेगळी मूल्यं तपासली जातात. दोन चॅनलवर दोन लेव्हल ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे. पलीकडे दोन्हीकडे एकच आकडा दिसला तर वाटेत कुठेतरी मोनो होतंय, आणि आकडे उलटे दिसले तर डावं-उजवं बदललंय. एकाच टोनमध्ये तीन तपासण्या होतात.

वाचताना पीक मीटर (लाटेचं टोक दाखवणारा) वाचा. आरएमएस मीटरमध्ये (सरासरी ताकद दाखवणारा) एक चकवा आहे. साइन लाटेचा आरएमएस तिच्या पीकपेक्षा ३.०१ डेसिबल खाली असतो. काही सॉफ्टवेअर तो तसाच दाखवतात, तर काही एईएस १७ या मोजणीच्या मानकातल्या व्याख्येप्रमाणे ३ मिळवून दाखवतात. दोन यंत्रांत बरोब्बर ३ डेसिबलचा फरक दिसला तर आधी मीटरची सेटिंग बघा. दोष नसलेल्या यंत्राला शिव्या घालण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

आकडा काय बोलतो

६.०२ हा या सगळ्यातला मुख्य आकडा. प्रत्येक सॅम्पलचा आकडा ० आणि १ च्या बिटांत लिहिलेला असतो. एक बिट म्हणजे दुप्पट, आणि दुप्पट म्हणजे ६.०२ डेसिबल. त्यामुळे फरक ६.०२ च्या पटीत आला की बिट घसरले असावेत असा पहिला संशय घ्यावा. ४८.१६ म्हणजे आठ बिट: १६ बिटचा आवाज २४ च्या डब्यात वरच्या टोकाला ठेवायचा तो तळाला ठेवला गेला, किंवा २४ बिटचा ३२ च्या डब्यात. २४.०८ म्हणजे चार बिट, म्हणजे २० आणि २४ यांची गल्लत.

पण हा संशय कुठे घ्यायचा आणि कुठे नाही, हे कळायला हवं. एस/पीडीआयएफ आणि एईएसमध्ये प्रत्येक सॅम्पलला ३२ खण असतात. आवाजासाठी त्यातले २० ठरलेले, आणि शेजारचे चार जादा खण वापरले तर २४. पाठवणारा १६ बिटचा असो की २४ चा, सगळ्यात वजनदार बिट नेहमी एकाच ठरलेल्या खणात बसतो आणि उरलेले खालचे खण शून्याने भरतात. म्हणून या जोडणीवर १६ बिटचं यंत्र २४ बिटच्या यंत्राला लावलं तरी लेव्हल हलत नाही. माझा वर सांगितलेला ६ डेसिबलचा फरक ऑप्टिकल एस/पीडीआयएफवर होता. म्हणजे बिट घसरायला जागाच नव्हती. शेवटी सापडलं ते असं: इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या यंत्राच्या) स्वतःच्या कंट्रोल पॅनलमध्ये एक छोटा मिक्सर होता, डिजिटल इनपुट त्याच्यातून फिरून येत होता, आणि तिथला फेडर उणे ६ वर बसलेला होता. ते पॅनल मी इंटरफेस घेतल्यापासून उघडलंच नव्हतं.

बिट खरोखर घसरतात ते फाइल वाचताना किंवा बोर्डावर बोर्ड जोडताना. कन्व्हर्टरची चिप मायक्रोकंट्रोलरला जोडणाऱ्यांना आयटूएस आणि लेफ्ट जस्टिफाइड हे दोन फॉरमॅट ठाऊक असतील. फरक एका बिटाचा. आयटूएसमध्ये चॅनल बदलल्याची खूण आल्यावर एक ठोका थांबून वरचा बिट येतो, लेफ्ट जस्टिफाइडमध्ये लगेच येतो. पाठवणारा लेफ्ट जस्टिफाइड आणि घेणारा आयटूएस असेल तर घेणाऱ्याचा पहिलाच, चिन्हाचा बिट हुकतो. गंमत अशी की उणे ६ च्या खालच्या आवाजात वरचे दोन बिट सारखेच असतात, त्यामुळे एक हुकला तरी बिघडत नाही. आवाज फक्त दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल मोठा आणि अगदी स्वच्छ येतो. पीक उणे ६ च्या वर गेला रे गेला की लाट वरून गडगडून थेट तळाला आपटते आणि कानठळ्या बसवणारी कडकड होते. 'हळू बोललं की छान, जोरात बोललं की फुटतं, मीटर तर लालही होत नाही' अशी तक्रार ऐकली की हे आधी तपासा. उलट बाजूने चूक असेल तर अशी फसवी स्वच्छताही मिळत नाही, सुरुवातीपासूनच आवाज चिरफाळलेला येतो.

११.८ च्या आसपासचा फरक आला तर शोध डिजिटल बाजूला करूच नका. केबलमधल्या व्होल्टेजवर मोजलेली घरगुती यंत्रांची ठरलेली लेव्हल उणे १० डीबीव्ही आणि स्टुडिओच्या यंत्रांची अधिक ४ डीबीयू, म्हणजे ०.३१६ व्होल्ट आणि १.२२८ व्होल्ट, यांच्यातलं अंतर ११.८ डेसिबल आहे. याचा अर्थ वाटेत कुठेतरी आवाज अ‍ॅनालॉग होतोय. डिजिटल जोडणी आहे असं आपण समजतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून लाइन इन निवडलेला असतो. असं मानतो त्यापेक्षा बरंच जास्त वेळा होतं.

अ‍ॅनालॉग टप्पा मुद्दामच ठेवला असेल तर आणखी एक ६ डेसिबल भेटतो, आणि हा बिटवाला नव्हे. युरोपियन प्रसारण संघाच्या आर ६८ प्रमाणे उणे १८ डीबीएफएस म्हणजे ० डीबीयू धरतात. अमेरिकेतल्या एसएमपीटीई या चित्रपट-टीव्ही अभियंत्यांच्या संघटनेच्या रीतीत उणे २० डीबीएफएस म्हणजे अधिक ४ डीबीयू. गणित केलं तर एकाचा फुल स्केल अधिक १८ डीबीयूवर येतो आणि दुसऱ्याचा अधिक २४ वर. एका रीतीने जुळवलेलं यंत्र दुसऱ्या रीतीच्या यंत्राला अ‍ॅनालॉगने जोडलं की एका दिशेला ६ कमी, दुसऱ्या दिशेला ६ जास्त. जास्तीच्या दिशेला उणे ६ च्या वरचं सगळं कापलं जातं. इथे आकडा नेमका ६.०२ न येता ५.९ किंवा ६.१ असा येतो, कारण अ‍ॅनालॉग नॉब इतका काटेकोर बसत नाही. दशांशापर्यंत मोजा म्हटलं ते यासाठी.

७.३ किंवा ४.४ असा कुठल्याच हिशेबात न बसणारा फरक म्हणजे कुठलातरी स्लायडर. ऑपरेटिंग सिस्टिमचा व्हॉल्यूम, प्लेअरचा व्हॉल्यूम, गाणी एका पातळीवर आणणारी लाउडनेसची सोय, इंटरफेसचं पॅनल. एकेक करून पूर्णावर न्या किंवा बंद करा.

आणि फरक दर वेळी वेगळा येत असेल तर? मग वाटेत कुणीतरी हुशारी करतोय: ऑटो गेन, लिमिटर, किंवा 'आवाज सुधारणारी' एखादी सोय. उणे २० चा टोन पाठवा, मग उणे १ चा. पलीकडे दोघांत १९ चं अंतर उरलं नाही तर चोर सापडला. विंडोजच्या सामायिक मार्गावर, जिथे सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र होतात, फुल स्केलजवळच्या पीकवर एक लिमिटर (मोठे पीक दाबणारा) बसलेला असतो. त्याला टाळायचं तर एक्सक्लुझिव्ह मोड वापरा.

बिट डेप्थने लेव्हल बदलत नाही

'२४ चं १६ केलं म्हणून आवाज बारीक झाला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हा भाग सविस्तरच लिहितो. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ मध्ये १,६७,७७,२१६. पण जिना तेवढ्याच उंचीचा आहे. वरचा मजला दोन्हीकडे ० डीबीएफएस, फक्त पायऱ्या बारीक होतात. बिट कमी केले की जे जातं ते तळातलं जातं. कागदावर १६ बिटचा आवाका सुमारे ९८ डेसिबल आणि २४ चा १४६ येतो. अर्थात कुठलंही खरंखुरं कन्व्हर्टर त्या १४६ पर्यंत पोचत नाही.

तळ कसा जातो हे एकदा कानाने ऐका, म्हणजे पुन्हा विसरणार नाही. २४ बिटमध्ये उणे ९० डीबीएफएसचा टोन बनवा आणि डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळायचा बारीक गोंगाट) बंद ठेवून १६ बिटमध्ये सेव्ह करा. १६ बिटमध्ये उणे ९० म्हणजे जेमतेम एक पायरी. त्यामुळे गोल लाटेची जागा अधिक एक, शून्य, उणे एक अशा तीन फळ्यांची चौकट घेते. हेडफोन काढून ठेवा, फाइल ५० डेसिबलने वाढवा, मग हळू आवाजात ऐका: टोनऐवजी भुंगा ऐकू येईल. आता तेच डिदर चालू ठेवून करा. टोन शुद्ध येतो, मागे संथ हिस असते. उणे १०० ला तर याहून मजा आहे. जवळच्या पायरीवर नेणाऱ्या साध्या राउंडिंगने तो टोन पूर्ण नाहीसा होतो, कारण तो अर्ध्या पायरीपेक्षाही लहान आहे. डिदर असेल तर हिसच्या आत तो स्पष्ट ऐकू येतो. मुद्दाम गोंगाट मिसळून आवाज वाचवायचा हे आधी पटत नाही, पण स्टॅन्ली लिपशिट्झ आणि जॉन व्हँडरकूय या ऑडिओ संशोधकांनी १९८० च्या दशकात याचं गणित चोख मांडून ठेवलंय. त्रिकोणी वाटपाचं, दोन पायऱ्यांच्या रुंदीचं साधं डिदर घ्या. बाकीचे नखरे नंतर.

व्यवहारात याचा अर्थ असा की पुढचं यंत्र १६ बिटचं असेल तर डिदर पाठवणाऱ्याने करायचं. डॅट रेकॉर्डर किंवा पहिल्या पिढीच्या एडॅटला (दोन्ही डिजिटल टेपची जुनी यंत्रं) २४ बिट पाठवले की ते खालचे आठ मुकाट्याने कापून टाकतात आणि कुठेही इशारा देत नाहीत. एडॅटच्या ऑप्टिकल जोडणीतून २४ बिट जातात म्हणून टेपवरही २४ उतरतात असं नव्हे.

उलटी फसवणूकही होते. फाइल २४ बिटची, आत माल १६ चा. बिट मीटर दाखवणारा एखादा प्लगइन लावा. खालचे आठ दिवे एकदाही लागत नसतील तर कुठेतरी १६ ची गाळणी आहे. बहुतेक वेळा ती विंडोजच्या साउंड पॅनलमधल्या डिफॉल्ट फॉरमॅटमध्ये किंवा मॅकच्या ऑडिओ मिडी सेटअपमध्ये सापडते. आणि सगळे दिवे लागले म्हणून खूश होऊ नका. १६ बिटच्या आवाजाला ०.७ ने गुणलं तरी खालचे दिवे लुकलुकतात. नवी माहिती त्यात काही नसते.

आता फेडरकडे परत येऊ. वाटेत १६ बिटमध्ये ६ डेसिबल कमी झाले तर एक बिट तळातून गेला. नंतर ६ वाढवून लेव्हल येते, बिट येत नाही. वर तळाचा गोंगाटही ६ ने वाढतो. आठ बिटांच्या घसरणीत तर दोन वेगळे शेवट होतात. २४ च्या डब्यात १६ चा माल तळाला बसलाय आणि डबा अजून २४ चाच आहे, तर ४८.१६ वाढवून सगळं जसंच्या तसं परत मिळतं. मधेच कुणी ती फाइल १६ बिटमध्ये सेव्ह केली असेल तर हातात आठ बिट उरतात आणि ते कुठल्याही प्लगइनने भरून निघत नाहीत. म्हणून दोष सापडेपर्यंत सेव्ह करायचं ते २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोटमध्येच.

फ्लोटबद्दल एक इशारा. ३२ बिट फ्लोटमध्ये ० डीबीएफएसच्या वरचे पीक जिवंत राहतात, मीटर लाल दिसला तरी लाट शाबूत असते. तीच फाइल २४ बिटमध्ये काढली की वरचं सगळं कापलं जातं. बदलण्याआधी लेव्हल खाली आणा. सॅम्पल रेटही बदलायचा असेल तर फुल स्केलखाली निदान एक डेसिबल मोकळा ठेवा, कारण नव्या सॅम्पलचे पीक जुन्यांपेक्षा वर जाऊ शकतात.

लेव्हल ठीक, पण टिकटिक

हा बिटांचा दोष नाही, क्लॉकचा, म्हणजे सॅम्पलची गती ठरवणाऱ्या घड्याळाचा आहे. दोन्ही यंत्रांवर ४४.१ लिहिलंय म्हणून दोघांची घड्याळं एक होत नाहीत. दहा लाखांत २० चा फरक असला तरी सेकंदाला ०.८८ सॅम्पल पुढेमागे होतं, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आत एक सॅम्पल गळतं किंवा दोनदा येतं. घेणाऱ्याकडे २५६ सॅम्पलचा बफर असेल तर टिक पावणेपाच-पाच मिनिटांनी एकदाच येते आणि आपण तिला वीजपुरवठ्याचा दोष समजतो. टिकांमधलं अंतर मोजा. ते ठरावीक असेल तर घेणाऱ्याचा क्लॉक इंटर्नलवरून काढून डिजिटल इनपुटवर ठेवा. एकच यंत्र मास्टर, बाकी सगळी त्याच्या मागे.

४८ चं रेकॉर्डिंग ४४.१ समजून वाजलं तर दहा मिनिटांचं दहा मिनिटं ५३ सेकंद होतं आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन उतरतो. ओळखीचा गायक अचानक जड वाटला तर हेच.

लेव्हलऐवजी नुसता पांढरा गोंगाट आला तर दोन शक्यता. फाइल असेल तर बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय: वेव्ह लहान टोकाकडून लिहिते, एआयएफएफ मोठ्या टोकाकडून, आणि हेडर नसलेली रॉ फाइल उघडताना हा पर्याय आपल्यालाच निवडावा लागतो. केबल असेल तर पलीकडून साधा आवाज नाही, डॉल्बी डिजिटलसारखा गुंडाळलेला प्रवाह येतोय. प्लेअरमध्ये आउटपुट पीसीएम (न गुंडाळलेला साधा आवाज) करा. आणि जुन्या डिजिटल टेपवरून घेतलेलं फारच चिरकं, तीक्ष्ण वाटत असेल तर प्रीएम्फसिसची खूण वाटेत हरवली असेल. ते रेकॉर्ड करताना वरचे स्वर मुद्दाम उचललेले असतात, अगदी टोकाला १० डेसिबलच्या आसपास, आणि वाजवताना ते खाली आणायचे असतात. ५० आणि १५ मायक्रोसेकंदांचा डीएम्फसिस फिल्टर लावा, हाताने ईक्यू फिरवत बसू नका.

दुरुस्ती झाली का, याची खात्री

सॅम्पल रेट दोन्हीकडे तोच असेल तर मूळ फाइल आणि पलीकडे उतरलेली फाइल एकाच प्रोजेक्टमध्ये दोन ट्रॅकवर ठेवा. टोन नको, खरं संगीत घ्या, सुरुवातीला एक टाळी असलेलं. टाळीवरून दोन्ही अगदी एका सॅम्पलपर्यंत जुळवा, एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. मीटर जराही हलला नाही तर बिट न् बिट तसाच पोचलाय. उणे ९० च्या आसपास सपाट हिस उरली तर वाटेत कुठेतरी १६ बिटचं डिदर झालंय. उरलेल्या आवाजात गाणं पुसट ऐकू येत असेल तर ट्रॅक एखाद्या सॅम्पलने सरकले नाहीत ना ते बघा. नसतील तर एका ट्रॅकचा गेन ०.१ डेसिबलच्या पायरीने हलवून बघा. गाणं ज्या आकड्याला सगळ्यात बारीक होतं, तेवढ्याच आकड्यावर बसलेला एखादा स्लायडर तुमच्या वाटेत अजून शिल्लक आहे.